हप्ता घेताना मुकी, भरपाई देताना वकील



विमा कंपनीचा सारा कारभार एका वाक्यात सांगता येतो. हप्ता घेताना ती मुकी असते आणि भरपाई द्यायची वेळ आली की तिला वकिलाची वाचा फुटते. ट्रॅक्टर घेतला त्या दिवशी कोणी विचारले का, की मागे ट्रॉली कोणती जोडणार? तिला फळ्या किती उंच चढवणार? उन्हाळ्यात तिच्यावर पाण्याची टाकी ठेवणार का? शेजाऱ्याच्या रानात मळणी करून चार पैसे घेणार का? नाही विचारले. शोरूममधल्या साहेबाने जिथे बोट ठेवले तिथे आपण सही केली. कर्जाच्या कागदांच्या चळतीत विम्याचाही कागद तयार होऊन आला. दरवर्षी हप्ता गेला. मग एके दिवशी ट्रॅक्टर ट्रॉलीसकट ओढ्यात गेला आणि कंपनीचा माणूस पहिल्यांदा गावात आला. विक्रीच्या दिवशी विचारायचे सगळे प्रश्न त्याने त्या दिवशी विचारले, आणि प्रत्येक उत्तराखाली एक नकार लिहिला.

जिल्हा मेळाव्यापुढे हा विषय आणण्याचे कारण हेच आहे. वाहनात केलेला बदल कंपनीला लेखी कळवणे हे आपले काम आहे आणि ते आपण चोख केले पाहिजे. पण आधी विचारणे हे कंपनीचे काम आहे. न विचारता हप्ता घ्यायचा आणि 'तुम्ही सांगितले नाही' म्हणून दावा फेटाळायचा, हा दुहेरी धंदा बंद झाला पाहिजे.

फळ्या कोणी हौसेने चढवत नाही

मी शेतकी पदवीचा माणूस. गाडीकडेही पिकाच्या अंगाने पाहतो. जत, आटपाडी, कवठेमहांकाळ, माण, खटाव या पर्जन्यछायेच्या पट्ट्यात आपण काय पिकवतो? शाळू. शाळवाचे अर्धे उत्पन्न कडब्यात असते. कडबा वजनाला हलका आणि आकाराला अवाढव्य. ट्रॉलीचा हौदा बनवलेला असतो माती, मुरूम, खत वाहायच्या मापाने. त्या हौद्यात कडबा काठोकाठ भरला तरी ट्रॉली पेलू शकते त्याच्या निम्मेही वजन भरत नाही. म्हणजे एका खेपेच्या मालाला दोन-तीन खेपांचे डिझेल जाळायचे. म्हणून शेतकरी चारी कोपऱ्यांना वासे उभे करतो, फळ्या चढवतो, वर जाळी बांधतो. कापसाचेही तेच. वेचलेला कापूस फुगीर, हौदा भरतो पण काटा हलत नाही.

पाण्याचे गणित याच्या उलटे आहे. पाच हजार लिटरची टाकी म्हणजे नुसते पाणीच पाच टन. टाकी अर्धी असेल तर वळणावर पाणी एका अंगाला धावते आणि ट्रॉलीला आडवी पाडते. हे धोक्याचे आहे हे टाकी ओढणाऱ्याला पहिल्या वळणावरच कळते. पण २००३ मध्ये, २०१२-१३ मध्ये, २०१८-१९ मध्ये डाळिंबाच्या आणि द्राक्षाच्या बागा टँकरच्या पाण्यावरच जगवल्या गेल्या. बाग वाळली की दहा वर्षांची मेहनत गेली. त्या माणसाला 'टाकी का ठेवली' असे विचारणारा सर्वेअर एक तर दुष्काळ न पाहिलेला असावा, नाहीतर पाहूनही न पाहिल्यासारखे करत असावा.

तिसरी गोष्ट भाड्याची. आठ-दहा एकर कोरडवाहू रानात ट्रॅक्टरला वर्षातले किती दिवस काम असते? नांगरट, कुळवणी, पेरणी आणि माल घरी आणणे. बाकीचे दिवस तो दारात उभा राहतो, पण बँकेचा हप्ता उभा राहत नाही. शेतीमालाला भाव असता तर ट्रॅक्टर दारात उभा ठेवणे परवडलेही असते. भाव नाही म्हणून ट्रॅक्टरला दुसऱ्याच्या रानात, कारखान्याच्या ऊसवाहतुकीत, पाण्याच्या खेपांत कमवावे लागते. बँकेला हे माहीत आहे, विक्रेत्याला माहीत आहे, तालुक्यातल्या शेंबड्या पोरालाही माहीत आहे. माहीत नसते ते फक्त विमा कंपनीला, आणि तेही फक्त अपघात होईपर्यंत!

देवराष्ट्रेची गाडी

कडेगाव तालुक्यातल्या देवराष्ट्रे गावचे दत्तात्रय लोहार यांनी भंगारातल्या सुट्या भागांतून चारचाकी गाडी तयार केली. खर्च साठ हजारांच्या आसपास. दुचाकीसारखी किक मारायची आणि गाडी सुरू. डिसेंबर २०२१ मध्ये तिची चित्रफीत देशभर फिरली. उद्योगपती आनंद महिंद्रा यांनी तोंडभरून कौतुक केले आणि त्याच दमात सांगितले की ही गाडी नियमात बसत नाही, आज ना उद्या अधिकारी ती थांबवतील, तेव्हा तिच्या बदल्यात मी बोलेरो देतो. जानेवारी २०२२ मध्ये लोहारांच्या दारात बोलेरो आली. त्यांच्या कसबाचे चीज झाले याचा आपल्याला आनंदच आहे.

पण या गोष्टीतली मेख ध्यानात घ्या. तेच कसब, तीच गरज आणि तेच लोखंड घेऊन गावोगावच्या वेल्डिंगच्या दुकानात हजारो माणसे ट्रॉल्या वाढवतात, टाक्या बसवतात, ट्रॅक्टरच्या पुढे लोडर लावतात. त्यांच्या बदल्यात कोणी बोलेरो देत नाही. त्यांना मिळते ते दावा नामंजूर झाल्याचे पत्र. एकाचे कौतुक करायचे आणि बाकीच्यांना नागवायचे, असा हा न्याय आहे.

कायदा काय म्हणतो

कायद्याला शिव्या देण्याआधी तो वाचला पाहिजे. मोटार वाहन कायदा १९८८ चा. त्याचे कलम ५२ सांगते की उत्पादकाने मुळात ठरवलेल्या आणि नोंदणीपुस्तकात लिहिलेल्या तपशिलाशी विसंगत होईल असा बदल मालकाने वाहनात करू नये. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केरळच्या के. जयचंद्र प्रकरणात या कलमाचा अर्थ कडक लावला. त्याच वर्षी कायद्यात कलम १८२अ आले. परवानगी नसलेला बदल करणाऱ्या मालकाला दर बदलामागे पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. जुगाडाबद्दल तर २०१३ मध्येच सर्वोच्च न्यायालयाने राजस्थानच्या एका प्रकरणात सांगून टाकले की जुगाड हेही मोटार वाहनच आहे, नोंदणी आणि विमा असल्याशिवाय ते रस्त्यावर आणता येणार नाही.

मात्र याच कलमात 'बदल' या शब्दाची व्याख्याही दिली आहे. वाहनाच्या रचनेत असा फेरफार, की ज्यामुळे त्याचे मूळ स्वरूप बदलते, तो बदल. म्हणजे नवा दिवा लावणे, टप बसवणे आणि हौदा कापून लांब करणे या गोष्टी एका मापाने मोजता येत नाहीत. आपल्या सोयीसाठी तीन वर्ग करू.

पहिला वर्ग अवजारांचा. नांगर, रोटाव्हेटर, पेरणीयंत्र. ट्रॅक्टर त्यासाठीच असतो. हा बदल नव्हे. पण त्या अवजारांचा विमा ट्रॅक्टरच्या पॉलिसीत आपोआप येतो असेही समजू नका.

दुसरा वर्ग वरून बसवलेल्या सामानाचा. टप, जादा दिवे, बॅटरी, टेप. यांची पावती कंपनीला दाखवून, लागेल तो जादा हप्ता भरून नोंद करावी लागते. नोंद नसेल तर त्या सामानाचे पैसे मिळत नाहीत.

तिसरा वर्ग रचनेचा. हौदा कायमचा वाढवणे, जादा आस बसवणे, पुढे लोडर जोडणे, इंधन बदलणे. इथे आधी आरटीओची मंजुरी आणि मग कंपनीकडे नोंद, हा क्रम उलटा करून चालत नाही. इंधनबदलाला कायद्यात रीतसर वाट ठेवली आहे. फेब्रुवारी २०२१ मध्ये खुद्द केंद्रीय मंत्री नितीन गडकरी यांनी डिझेलचा सीएनजी केलेला ट्रॅक्टर देशापुढे आणला. सरकारला हवा असलेला बदल असला की त्याला वाट सापडते. कडब्याच्या फळ्यांना मात्र वाट सापडत नाही!

आणि एक गोष्ट प्रत्येकाने घरी जाऊन तपासावी. कायद्याच्या व्याख्येत ट्रॉली हेच मुळी स्वतंत्र मोटार वाहन आहे. ट्रॅक्टरचा विमा म्हणजे ट्रॉलीचा विमा नव्हे. गावच्या वर्कशॉपात बनवलेली, ना नोंदणी ना नंबर अशी ट्रॉली मागे असेल, तर ट्रॅक्टरची पॉलिसी कितीही चोख असली तरी कंपनीला पहिली सबब आपणच तयार करून दिलेली असते.

सर्वांत मोठा बदल लोखंडात नसतो

वाहनाला वेल्डिंगचा एक ठिपका न लावताही त्यात बदल होतो. तो बदल वापराचा. शेतीच्या ट्रॅक्टरच्या पॉलिसीवर साधारणपणे लिहिलेले असते की वापर फक्त शेती आणि वनकामासाठी, भाड्याने देण्यासाठी नाही, आणि कायद्याने चालतात त्यापेक्षा जास्त ट्रॉल्या ओढण्यासाठी नाही. बहुतेक दावे इथेच अडकतात. सर्वोच्च न्यायालयाचे तीन निकाल शेजारी ठेवून पाहा.

२००४ चा चिन्नम्मा निकाल. ट्रॅक्टर-ट्रॉलीतून भाजीपाला बाजाराला चालला होता. न्यायालय म्हणाले, भाजीपाला शेतीचा माल असला तरी दुसऱ्याच्या व्यापाराचा माल वाहणे हे शेतीकाम होत नाही. कंपनी सुटली.

२००७ चा ब्रिज मोहन निकाल. वीटभट्टीच्या मातीच्या कामाला निघालेला मजूर ट्रॉलीवरून पडून जखमी झाला. ट्रॅक्टरचा विमा होता, ट्रॉलीचा नव्हता, काम शेतीचे नव्हते. न्यायालयाने कंपनीची जबाबदारी नाही असे म्हटले. पण मजूर गरीब, म्हणून आपला खास अधिकार वापरून आदेश दिला की कंपनीने आधी पैसे द्यावेत आणि मग ते मालकाकडून वसूल करावेत.

२०१४ चा फहीम अहमद निकाल. ट्रॉलीत वाळू होती. कंपनी म्हणाली, वाळू म्हणजे धंदा. मालक म्हणाला, रानाजवळ पाण्याचे टाके बांधायला नेत होतो. न्यायालयाने ठणकावले की नुसती वाळू दिसली म्हणून धंदा सिद्ध होत नाही. अटीचा भंग झाला असे म्हणणाऱ्या कंपनीने तो पुराव्याने सिद्ध करायचा असतो.

तिन्हींचा धडा एकच. ट्रॉलीत काय भरले होते यापेक्षा माल कोणाचा, काम कोणाचे आणि कागदावर काय, यावर निकाल फिरतो. फहीम अहमदचा निकाल तोंडपाठ करा. सर्वेअर गावात येतो आणि पहिला प्रश्न विचारतो, 'भाडे किती ठरले होते?' अपघाताच्या धक्क्यात असलेला माणूस काहीतरी बोलून जातो, कोऱ्या कागदावर सही करतो, आणि जो पुरावा कंपनीने शोधायला हवा होता तो तिच्या हातात आपण होऊन देतो.

दाव्याचे पुढे काय होते

विम्यात दोन खिसे आहेत. एक स्वतःच्या वाहनाच्या नुकसानीचा. दुसरा आपल्या वाहनाने दुसऱ्याचा जीव घेतला किंवा हातपाय मोडले, तर त्याच्या भरपाईचा. या दोहोंचे नियम वेगळे आहेत आणि कंपनीचा माणूस ते मुद्दाम एकत्र करून सांगतो.

दुसऱ्याच्या भरपाईच्या दाव्यात कंपनीला सुटायला कायद्याने मोजक्याच सबबी ठेवल्या आहेत. परवान्याविना भाड्याचा वापर, चालकाला लायसन्स नसणे, दारू पिऊन चालवणे, आणि महत्त्वाची गोष्ट लपवून पॉलिसी मिळवणे, अशा त्या सबबी. ट्रॉलीला फळ्या होत्या, ही त्या यादीतली सबब नाही. पण 'महत्त्वाची गोष्ट लपवली' ही आहे. म्हणून केलेल्या बदलापेक्षा न सांगितलेला बदल घातक. सांगितलेल्या बदलावर कंपनी जादा हप्ता मागेल, फार तर नाही म्हणेल. न सांगितलेल्या बदलावर ती सगळी पॉलिसीच रद्दबातल म्हणायला उठते.

लायसन्सच्या बाबतीत एक खुलासा. ट्रॅक्टरचे लायसन्स आहे पण मागे ट्रॉली होती म्हणून ते चालत नाही, ही मखलाशी सर्वोच्च न्यायालयाने २००१ मध्येच नागशेट्टी प्रकरणात मोडून काढली आहे. कोणी पुन्हा उगाळली तर त्याला साल सांगा.

स्वतःच्या नुकसानीच्या दाव्यात कंपनीचे हात जास्त मोकळे आहेत. पण तिथेही 'सगळे किंवा काहीच नाही' असा कायदा नाही. २०१० च्या अमलेंदू साहू निकालात सर्वोच्च न्यायालयाने विमा कंपन्यांचीच एक मार्गदर्शक यादी पुढे ठेवली. क्षमतेपेक्षा जादा भार असेल, वापराच्या अटीचा भंग असेल, तरीही मान्य रकमेच्या पंचाहत्तर टक्क्यांपर्यंत दावा द्यावा, असे त्या यादीत आहे. कंपन्यांच्या भाषेत याला 'नॉन-स्टँडर्ड' तडजोड म्हणतात. नामंजुरीचे किती तरी कागद मी वाचले, कोणत्याही कागदावर शेतकऱ्याला या पंचाहत्तर टक्क्यांबद्दल एक ओळ लिहिलेली पाहिली नाही. त्या हक्काची आठवण आपण करून द्यायची.

घसारा हा आणखी एक चकवा. टायर, रबर, बॅटरी यांवर निम्मी कपात. लोखंडी भागांवर वाहनाच्या वयाप्रमाणे कपात, दहा वर्षांवरच्या वाहनाला तीही निम्मी. एक लाखाच्या बिलाचे पन्नास हजार हातात आले तर प्रत्येक वेळी ती फसवणूक नसते. पण हा तक्ता पॉलिसी देताना समजावून सांगणे हे कोणाचे काम?

आता विचारण्याच्या जबाबदारीचा मूळ मुद्दा. विमा नियामक प्राधिकरणाने २००२ मध्ये केलेल्या नियमांत लिहिले होते की प्रस्तावाच्या अर्जाची प्रत ग्राहकाला तीस दिवसांत फुकट द्यावी. आणि जिथे अर्जच भरून घेतला नाही, तिथे ग्राहकाने माहिती लपवली हे सिद्ध करण्याचा भार कंपनीवर राहील. डिसेंबर २०२१ मध्ये मनमोहन नंदा प्रकरणात सर्वोच्च न्यायालय म्हणाले की अर्जातले रकाने कोरे असताना कंपनीने पॉलिसी दिली असेल, तर त्या कोऱ्या रकान्याला नंतर लपवाछपवी म्हणता येणार नाही. प्रकरण आजारपणाच्या विम्याचे होते, पण तत्त्व ट्रॅक्टरलाही तेच. जून २०२४ च्या परिपत्रकात नियामकाने तर स्पष्ट केले की कागदपत्रे नाहीत म्हणून दावा फेटाळू नये; लागणारे कागद विमा उतरवतानाच मागायला हवेत. म्हणजे आपण जे म्हणतो तेच दिल्ली-हैदराबादचे नियम म्हणतात. नियम आहेत, पण ते शोरूमच्या काचेच्या दाराआड पोचत नाहीत.

वसुली सात-बारावर येते

कोणी म्हणेल, ट्रॅक्टरचे नुकसान झाले तर झाले, सोसू. भावांनो, गोष्ट तिथे थांबत नाही. ट्रॉलीखाली सापडलेल्या माणसाच्या घरच्यांना न्यायाधिकरण लाखोंची भरपाई ठरवून देते. ती त्यांना मिळालीच पाहिजे, त्यांचाही संसार आहे. पण कंपनी सुटली किंवा 'आधी द्या, मग वसूल करा' असा आदेश झाला, की ती रक्कम फिरून मालकाच्या गळ्यात येते. मोटार वाहन कायद्याच्या कलम १७४ प्रमाणे जिल्हाधिकाऱ्याकडे दाखला जातो आणि ती रक्कम जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसूल होते. म्हणजे तीच तहसील कचेरी, तोच तलाठी, तीच जप्तीची नोटीस. ट्रॅक्टरचे कर्ज डोक्यावर, ट्रॅक्टर भंगारात आणि रान लिलावात. तेल गेले, तूप गेले, हाती धुपाटणेही राहिले नाही!

आणि मेलेला कोण असतो? पुष्कळदा आपलाच शेजारी, आपल्याच रानात कामाला आलेली बाई, मडगार्डवर बसलेला आपलाच पोरगा. मडगार्डवर बसलेल्या माणसाला पॉलिसीत जागा नसते. ट्रॅक्टरला आसन एकच, चालकाचे.

'शेतकरीच कायदा मोडतो' म्हणणाऱ्यांना

शहरातले शहाणे म्हणतील, बेकायदा फळ्या लावायच्या, अंधारात बिनदिव्याच्या ट्रॉल्या हाकायच्या आणि वर भरपाई मागायची, हे कसले आंदोलन? या म्हणण्यात जेवढे खरे आहे तेवढे आपण मान्य केले पाहिजे. मागे रिफ्लेक्टर नसलेली, क्षमतेच्या बाहेर भरलेली, ब्रेकचा भरवसा नसलेली ट्रॉली हा शेतकऱ्याचा हक्क नव्हे. ती रस्त्यावरच्या माणसाचा जीव घेते. अशा ट्रॉलीची वकिली ही संघटना करणार नाही.

पण उरलेले म्हणणे ढोंग आहे. शहरातला माणूस गाडीला गॅसचे किट बसवतो तेव्हा त्याला छापील फॉर्म मिळतो, त्यात किटचा रकाना असतो, एजंट विचारतो, चार पैसे जादा घेतो आणि नोंद करतो. त्याचा बदल हा 'पर्याय' आणि आमचा बदल हा 'भंग'? शेतीच्या ट्रॅक्टरच्या अर्जात ट्रॉली किती, टाकी आहे का, हंगामात भाड्याने देणार का, एवढे तीन रकाने साध्या मराठीत छापायला कोणत्या शास्त्रज्ञाची वाट पाहायची आहे? रकाने छापले तर कंपनीला धोका मोजावा लागेल, त्याचा हप्ता ठरवावा लागेल आणि मग दावा द्यावा लागेल. रकाना नसेल तर हप्ता मिळतो आणि दावा टळतो. न छापण्याचे कारण एवढे साधे आहे.

राज्य सरकारलाही हा अनुभव आला. शेतकरी अपघात विम्याच्या योजनेत कंपन्यांनी नाना त्रुटी काढून वारसांना ताटकळत ठेवले. शेवटी एप्रिल २०२३ मध्ये सरकारने कंपन्यांना बाजूला सारून गोपीनाथ मुंडे यांच्या नावाची ती योजना थेट सानुग्रह अनुदानाची केली. सरकारसारखा ग्राहक जिथे हात टेकतो, तिथे माणच्या एकट्या शेतकऱ्याची काय कथा?

आपण उद्यापासून काय करायचे

एक. पॉलिसी आणि प्रस्तावाच्या अर्जाची प्रत घरात आहे का पाहा. नसेल तर कंपनीकडे लेखी मागा. ट्रॅक्टरचा नंबर, ट्रॉलीचा नंबर, वापराचा प्रकार या तीन ओळी वाचा.

दोन. ट्रॉलीची नोंदणी नसेल तर सातारा, कराड किंवा सांगली, आपले जे आरटीओ कार्यालय असेल तिथे ती करून घ्या आणि ट्रॉली पॉलिसीत चढवून घ्या.

तीन. जो बदल केला असेल तो साध्या मराठीत एका कागदावर लिहा. कोणता बदल, कोणत्या तारखेला, खर्च किती, वापर कशासाठी. रचनेचा बदल असेल तर आधी आरटीओकडे. मग कंपनीच्या शाखेत देऊन पोच घ्या किंवा स्पीड पोस्टाने पाठवा. एजंटला तोंडी सांगितलेले हवेत जाते. पॉलिसीवर नोंद चढून आली, म्हणजे कंपनीच्या भाषेत 'एन्डॉर्समेंट' झाले, तरच काम पुरे झाले.

चार. हंगामात भाड्याने काम करणार असाल तर तसे संरक्षण मागा. नोंदणीत वापर कोणता लिहिला आहे तेही पाहा. नाही म्हणाले तर ते लेखी मागा. लेखी नकार हीसुद्धा पुढच्या लढाईची शिदोरी आहे.

पाच. अपघात झाला की आधी जखमींना दवाखाना, मग पोलीस आणि त्याच दिवशी कंपनी. वाहन हलवण्यापूर्वी फोटो. सर्वेअरला खरे सांगा, पण स्वतः वाचल्याशिवाय सही करू नका. कोऱ्या कागदावर तर मुळीच नाही. कळवायला उशीर झालाच तरी हबकू नका. गुरशिंदर सिंग यांचा ट्रॅक्टर २०१० मध्ये चोरीला गेला. पोलिसांत फिर्याद त्याच दिवशी दिली होती, कंपनीकडे दावा बावन्न दिवसांनी गेला. कंपनीने नाकारले. २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो नकार मोडला.

सहा. नामंजुरीचे पत्र आले की आधी कंपनीच्याच तक्रार विभागाला लेखी उत्तर द्या. उत्तर आले नाही किंवा पटले नाही, तर पुण्याला विमा लोकपाल आहे. तिथे फी नाही, वकील लागत नाही, नकारापासून एक वर्षाच्या आत जायचे. निर्णय कंपनीला बांधील असतो. दुसरी वाट जिल्हा ग्राहक आयोगाची, मुदत दोन वर्षे.

जिल्हा मेळाव्यापुढचे ठराव

१. शेतीच्या ट्रॅक्टरचा विमा उतरवताना मराठीत छापलेला एक पानी अर्ज भरून घेणे आणि त्याची प्रत जागच्या जागी देणे सक्तीचे करावे. न विचारलेल्या प्रश्नावरून दावा नाकारता येऊ नये.

२. कडबा आणि कापूस वाहण्यासाठी ट्रॉलीवर बसवायच्या सुट्या, काढता येणाऱ्या चौकटीचे प्रमाणित माप ठरवावे आणि त्या मापातली चौकट हा वाहनातला बदल मानू नये.

३. मळणी, ऊसवाहतूक आणि टंचाईच्या काळातील पाणीवाहतूक यांसाठी हंगामी जादा हप्त्याचे संरक्षण प्रत्येक कंपनीने उपलब्ध करावे.

४. ट्रॉलीनोंदणीची शिबिरे आरटीओने तालुक्याच्या गावी, शाळवाची काढणी संपल्यावर घ्यावीत.

५. सर्वेअरच्या अहवालाची प्रत शेतकऱ्याला मराठीत मिळावी, आणि 'नॉन-स्टँडर्ड' तडजोडीचा विचार का केला नाही हे नामंजुरीच्या पत्रात लिहिणे बंधनकारक करावे.

६. कंपनीने अर्ज भरून न घेता पॉलिसी दिली असेल, तर तिच्या वसुलीसाठी शेतजमिनीवर जप्ती आणू नये.

यात कुठेही सूट, माफी किंवा दया मागितलेली नाही. जादा धोक्याचा जादा हप्ता भरायला आपण तयार आहोत. आपण मागतो तो रोकडा व्यवहार. आम्ही खरे सांगू, तुम्ही आधी विचारा, आणि पैसे घेतले असतील तर शब्द पाळा. येताना प्रत्येकाने आपली पॉलिसी बरोबर आणावी. मेळाव्याच्या मांडवात एक टेबल फक्त त्या कागदांसाठी ठेवले आहे. ज्यांना वाचता येत नाही त्यांना वाचून दाखवले जाईल, आणि बदल कळवण्याचे पत्र तिथेच लिहून, सही करून, पाकिटात घालून दिले जाईल. पोस्टाचा खर्च ज्याचा त्याने करायचा.